रिकाम्या जागेला लागणारं शिसं

चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला कोणी 'तुमचे अनुभव लिहा' म्हटलं की तो आधी 'किती पानं?' असं विचारतो. या अंकाच्या संपादकांनी मला चार पानं दिली आहेत. चाराच्या वर मजकूर गेला तर कापू, असंही त्यांनी हसत हसत सांगितलं आहे. त्यांनी कापलंच, तर मला तक्रार करायला तोंड नाही. का नाही, तेच सांगतो.

छापखान्यात लोक झाडूपासून सुरुवात करतात आणि वर चढतात. मी विद्यार्थी असताना थेट संपादक म्हणून आत शिरलो, म्हणजे माडीवरून सुरुवात केली. खाली यायला फार वेळ लागला नाही. एकसष्ट-बासष्टचं वर्ष होतं, मी यवतमाळला इंटर आर्ट्सला होतो आणि कॉलेजच्या वार्षिकांकाचा विद्यार्थी-संपादक म्हणून माझी निवड झाली होती. निवडीचं कारण माझं सुंदर अक्षर. शिशाच्या सुट्या अक्षरांनी, म्हणजे खिळ्यांनी, छापायच्या अंकाला संपादकाच्या अक्षराचा काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

अक्षराची कीर्ती शाळेतल्या हस्तलिखितामुळे झाली होती. आज ज्यांना हस्तलिखित म्हणजे काय हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शाळेतल्या मुलांच्या कथा-कविता एकाच मुलाने सुवाच्य अक्षरात लिहून काढायच्या, चित्रं काढायची, वही बांधायची आणि ती वाचनालयाच्या टेबलाला सुतळीने बांधून ठेवायची. जगात तिची एकच प्रत. मी दोन वर्षं ती सजवली. प्रत्येक पानाला मी चारही बाजूंनी वेलबुट्टी काढत असे, आणि ती आतल्या बाजूला इतकी वाढत जाई की एका वर्षी कोडी घातली पण उत्तरांना जागा उरली नाही. मुलं वर्षभर उत्तरं विचारत राहिली.

असा मी वेलबुट्टीवाला. कॉलेजात आल्यावर मात्र आमच्या मराठीच्या सरांच्या टेबलावर मुंबईहून आलेलं एक मासिक पाहिलं. त्यात एका पानावर वरच्या कोपऱ्यात चार ओळींची कविता होती, बाकी सगळं पान कोरं. मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. त्या दिवशी माझं धर्मांतर झालं म्हणा ना. वेलबुट्टी गावंढळ वाटू लागली, कोरी जागा म्हणजेच कला. घरी जेवताना ताटात भाजी आणि चटणी यांच्यात अंतर ठेव असं मी आईला सांगितल्याचं माझी बहीण अजून चारचौघांत सांगते.

अंक छापायचा होता तो छापखाना कापूस बाजाराच्या रस्त्यावर होता. हंगामात बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली असायची, आणि वाऱ्याने तंतू उडून आत यायचे ते नेमके शाई लावलेल्या रुळांना चिकटायचे. मग छापलेल्या अक्षरांना मिशा फुटायच्या. मालक गल्ल्यावर बसत आणि जो येईल त्याला हो म्हणत. काम करायचे ते युसूफचाचा. जुळारी, म्हणजे एकेक खिळा वेचून ओळ जुळवणारा माणूस. पन्नाशीचे असतील. हातात लोखंडी पट्टी, पुढ्यात शेकडो खणांची पेटी, डोळे मजकुरावर आणि बोटं आपली आपण खणांतून फिरताहेत. मी कॉलेजातून आलेला संपादक म्हणून ते मला 'संपादकसाहेब' म्हणत. मला तो मान वाटे. त्यांच्या मिशीखालचं हसू मला बरंच उशिरा दिसलं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना माझी योजना समजावली. दर लेखाच्या मथळ्याच्या वर आणि खाली चार बोटं मोकळी जागा, समासही रुंद आणि कवितेला तर पूर्ण पान. त्यांनी ऐकून घेतलं आणि खणातून एक शिशाचा चौकोनी तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"हे काय हाये?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शिसं.

"हे तुमची रिकामी जागा हाये," ते म्हणाले. "मले ते बी जुळवाच लागते जी. रिकाम्या जागेलेही शिसं लागते."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून वाचकांना आधी कळू द्या. खिळ्यांचं पान म्हणजे लोखंडी चौकटीत ठासून आवळलेलं धातूचं पान. जिथे अक्षर नाही तिथे पोकळी ठेवली तर सगळंच सुटून खाली सांडेल. म्हणून अक्षराहून कमी उंचीचे शिशाचे तुकडे, पट्ट्या, लाकडाचे ठोकळे भरून ती जागा गच्च करावी लागते. ते बुटके असतात म्हणून त्यांना शाई लागत नाही, आणि कागदावर आपल्याला दिसतो तो निव्वळ शुभ्र कोरेपणा. लहान गावच्या छापखान्यात हा माल बेताचाच असतो. एका कागदावर आठ पानं छापायची, त्याला फर्मा म्हणतात. तो छापून झाला की सगळे खिळे आणि तुकडे सोडून परत खणांत टाकायचे, तेव्हा पुढचा फर्मा जुळणार. म्हणजे माझी कला किती पसरायची हे माझ्या प्रतिभेवर नसून चाचांच्या खणातल्या तुकड्यांवर ठरणार होतं.

दुसऱ्याच फर्म्यात शिसं कमी पडलं. मी हट्टाला पेटलेला. चाचांनी सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे कापून भर घातली. यंत्राच्या धक्क्यांनी पुठ्ठे ढिले झाले, तुकडे हळूहळू वर आले आणि त्यांना शाई लागली. प्राचार्यांच्या मनोगताभोवती मी मोठ्या भक्तीने ठेवलेल्या शुभ्र जागेत काळे चौकोन उमटले. लुडोचा पट दिसावा तसं ते पान दिसत होतं. प्राचार्यांनी मला बोलावून ही नवी पद्धत आहे का असं विचारलं. मी हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी विद्यार्थिदशेतच शिकलो.

त्यात लग्नसराई लागलेली. राळेगावकडचे एक गृहस्थ पत्रिका छापायला आले असता मी मालकांना फुकटचा सल्ला दिला की पत्रिकाही मोकळी, सुटसुटीत करावी. मालकांना कल्पना आवडली. गृहस्थांनी नमुना हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "कागद पुरा घेतला न म्या? मंग हे कोरं काहून?" त्यांच्याकडे काका, मामा, मावसे, आतोबा मिळून तीसेक नावं होती, आणि एकाचंही नाव राहिलं असतं तर तो लग्नाला आला नसता, आला असता तर जेवला नसता. कोऱ्या जागेत त्यांनी सगळे मामा बसवले. मला त्यांची कीव आली. आता वाटतं, त्या कागदावर कोणाची जागा किती महत्त्वाची हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

शालिक माझ्याच वर्गात होता. बाभुळगावच्या पुढे त्याचं गाव. छप्पन साली त्याच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो शाळेत होता. वर्गात तो मागे बसे, आणि मी त्याच्याच वयाचा असून मला 'तुमी' म्हणे. मीही त्याला कधी थांबवलं नाही. त्याने अंकासाठी लेख दिला, 'माझे वडील'. त्याचे वडील डफडं वाजवायचे. लेखाच्या पहिल्या अर्ध्या भागात ते वाजवणं होतं. पंचक्रोशीतली लग्नं, पोळ्याच्या मिरवणुका, त्यांच्या हाताला आलेली कीर्ती, आणि वाजवून झाल्यावर मांडवाबाहेर बसून जेवणं. दुसऱ्या अर्ध्या भागात ते थांबणं होतं. वस्तीने धर्म बदलला त्या वर्षी वडिलांनी डफडं भिंतीवरून उतरवलं आणि पुन्हा कोणाच्या दारात वाजवलं नाही. गावाने बरंच समजावलं, मग धमकावलं, मग मजुरीला बोलावणं बंद केलं. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करू लागले. हाताला सवय होती म्हणून रिकामे बसले की मांडीवर ठेका धरत आणि लक्षात आलं की हाताची मूठ वळत. शालिकला वाजवणं आठवत होतं, पण अभिमान त्या मुठीचा होता.

लेख फार चांगला होता. मला तो तेव्हाही चांगला वाटला होता, आणि हे मी मुद्दाम कबूल करतो, कारण नाहीतर मला अजाण म्हणून सुटता येईल. लेख होता पावणेदोन पानांचा, शेवटच्या फर्म्यात, समोरासमोरच्या दोन पानांवर. अंक आठच्या पटीतच होणार, एकही पान वाढणार नाही. आणि माझी स्वतःची चार ओळींची कविता अजून कुठेच बसली नव्हती. तिचं नाव 'एकांत'. त्या चार ओळींत 'क्षितिज' दोनदा आलं होतं. मुंबईच्या मासिकासारखं तिला पूर्ण पान हवं होतं.

मी शालिकच्या लेखाचा दुसरा अर्धा भाग कापला.

चाचांनी लेख आधीच पूर्ण जुळवून ठेवला होता. मी प्रुफावर आडवी रेघ मारलेली पाहून त्यांनी खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. जुळारी मजकूर वाचत नाही, फक्त अक्षरं पाहतो, असं तेच मला सांगत असत. मग त्यांनी विचारलं, "हे काहून काढता जी?" मी त्यांना लेखनातल्या सूचकतेबद्दल सांगितलं. जे सांगितलं जात नाही तेच खरं प्रभावी असतं, वगैरे. सरांनी तासाला सांगितलेलं मी जसंच्या तसं ओतलं. चाचांनी जुळवलेला तो भाग सुतळीने बांधला आणि फळीवर ठेवून दिला. खिळे सोडून खणांत टाकले नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शालिकला मी कॉलेजच्या व्हरांड्यात सांगितलं. जागेची अडचण, काय करणार. तो खाली बघून ऐकत होता. म्हणाला, आता लेख गावातल्या शाळेचे गुरुजी वस्तीत सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी नवं धोतर घेतलंय त्या दिवसासाठी. मी म्हटलं, वाचू देत की, एक पान तर आहेच.

तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अर्धंच छापलं तं माहा बाप अजून वाजवूनच राह्यला, असं होते जी."

मला ते कळलं होतं, अगदी त्याच क्षणी. पण मी त्याला म्हणालो की अंक कलात्मक झाला पाहिजे, एका लेखाचा विचार करून चालत नाही. तो 'बरं' म्हणाला आणि वर्गात गेला. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटचा फर्मा यंत्रावर चढायचा त्याच वेळी मी मुखपृष्ठाच्या चित्राचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून आणायला नागपूरला गेलो. असे ब्लॉक आपल्याकडे होत नसत. जाताना मी चाचांना पानांचा नकाशा काढून दिला आणि माझ्या कवितेच्या पानावर चौकोन करून त्यात 'कोरे' असं तीन ठिकाणी लिहिलं. नागपुरात दोन दिवस मी भेटेल त्याला आपण संपादक असल्याचं सांगत फिरलो. ब्लॉकवाल्याने तर मला बसायला खुर्चीही दिली.

परत आलो तर फर्मा दोन्ही बाजूंनी छापून झाला होता, कागदांच्या थप्प्या रचलेल्या होत्या. मी वरचा ताव ओढून माझं पान शोधलं. शालिकचा लेख डावीकडच्या पानावरून उजवीकडे आला होता आणि शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण होता. त्याच्याखाली पाव पान उरलं होतं. त्या उरलेल्या जागेत, बारीक खिळ्यांत, भोवती रेघेची चौकट घालून, माझी कविता. खाली 'सायकल दुरुस्त करून मिळेल' एवढं लिहायचं बाकी होतं.

मी ओरडलो असेन. चाचा पेटीसमोर उभे होते, वळलेसुद्धा नाहीत. "शिसं सरलं जी," ते म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेत गेलं सारं. रिकामं ठेवाले काई नोतं. हे जुळेल होतं, तं लावून देलं." मी विचारलं, लाकडी ठोकळे? "लाकूड बी सरलं."

मी त्यांच्या पेटीकडे गेलो. रिकाम्या जागेच्या तुकड्यांचे खण मला आता ओळखू येत होते. ते खण काठोकाठ भरलेले होते. मी खणाकडे पाहिलं, चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ते ओळ जुळवायला लागले. त्यांचा हात मात्र दोनदा चुकून दुसऱ्याच खणात गेला, आणि तो हात मी तोपर्यंत कधीच चुकलेला पाहिला नव्हता. गिऱ्हाइकाने मंजूर केलेलं पान जुळाऱ्याने परस्पर बदललं हे कळलं असतं तर मालकांनी त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मालक चार हातांवर गल्ल्यापाशी बसले होते. मी त्यांच्याकडे निघालोही होतो. दोन पावलं टाकली आणि थांबलो. चांगुलपणाने थांबलो असं लिहायचा मोह होतो आहे. खरं म्हणजे एवढे ताव पुन्हा छापले तर कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी अंक निघणार नाही आणि व्यासपीठावर माझा सत्कार होणार नाही, हे मला आठवलं.

अंक निघाला. सरांना सगळ्यात जास्त आवडला तो शालिकचा लेख. स्टाफरूममध्ये त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मला म्हणाले, संपादकाने स्वतःची कविता तळाशी ढकलून विद्यार्थ्याच्या लेखाला जागा दिली, याला संस्कार लागतात. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. माझ्या कवितेबद्दल कोणी काही बोललं नाही, फक्त एका मित्राने ती जाहिरात कोणाची आहे असं विचारलं.

पुढे मी याच धंद्यात पडलो आणि त्याच छापखान्यात चाचांच्या हाताखाली तीन वर्षं खिळे वेचले. कोऱ्या जागेसाठी किती वजन उचलावं लागतं ते तेव्हा बोटांना कळलं. त्यांचं काम टिकलं, मालकांना शेवटपर्यंत काही समजलं नाही. फर्मा छापून झाल्याच्या त्या दिवसानंतर त्या पानाविषयी आम्ही दोघे एकदाच बोललो, आणि तेही तिसऱ्याच माणसासमोर. त्या प्रसंगाची मला अजून लाज वाटते, म्हणून तो शेवटी ठेवला आहे.

संमेलन होऊन आठवडा झाला असेल. उरलेल्या प्रती न्यायला मी दुपारी छापखान्यात गेलो होतो. दारात शालिक उभा होता आणि त्याच्या मागे उंच, काळासावळा, नवं धोतर नेसलेला एक माणूस. ते एसटीने आले होते. कॉलेजात मी भेटलो नाही म्हणून विचारत विचारत इथे आले. त्यांनी पायताण बाहेर काढून ठेवलं. मी आत या म्हणालो तरी उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांचे हात मोठे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

"गुरुजीनं वाचलं," ते म्हणाले. "पोरगं मने अर्धंच येईन. म्या म्हटलं, अर्धंच असन तं वाचूच नोका. पन तुमी पुरं आनलं."

आणि त्यांनी मला हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

चाचा पाच हातांवर होते. हातात पट्टी, पट्टीत अर्धी जुळलेली ओळ. मला फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायचं होतं. मालकही तेव्हा बाहेर गेलेले होते, म्हणजे त्याचीही भीती नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? संपादकाचं ते कामच आहे."

शालिकच्या वडिलांनी पुन्हा हात जोडले. शालिक माझ्याकडे बघत होता, मग त्याने चाचांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला संशय आला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चाचांनी पट्टी पेटीवर ठेवली, हात फडक्याला पुसले आणि उंबऱ्यापाशी आले.

"हाव बाप्पा," ते त्या माणसाला म्हणाले, "यायनंच सांगतलं मले. मनत, माही कविता नाई आली तं नाई आली, पन ह्या मान्साचं पुरं आलंच पाह्यजे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली.